खांद्याला झेपेल तीच रायफल

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रायफलचं कॅलिबर निवडताना तिचा धक्का आपल्याला किती झेपतो, हे कसं ठरवायचं? आधीच सांगून टाकतो, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी, असं माझं मत आहे. मी स्वतः आयुष्यात एकही जनावर मारलेलं नाही. फौजेत मात्र बरीच वर्षं जवानांना नेमबाजी शिकवली. त्यामुळेच माझ्या पुतणीचा फोन आला.

ती उत्तर स्वीडनमध्ये, उमेओ शहरात नोकरी करते. तिथं मूस नावाचं प्रचंड हरीण असतं, नर चारशे-पाचशे किलोपर्यंत भरतो. शरद ऋतूत त्याची रीतसर परवान्याची शिकार होते, लोक टोळीनं जंगलात जातात, मांस वाटून घेतात आणि हिवाळाभर खातात. ऑफिसातल्या मित्रांनी हिलाही टोळीत घेतलं. शिकारीची परीक्षा पास झाली, आता रायफल घ्यायची होती.

"काका, सगळे म्हणताहेत एवढ्या मोठ्या जनावराला .३०० विन्चेस्टर मॅग्नम घे."

मी म्हटलं, "६.५ बाय ५५ घे."

फोनवर क्षणभर शांतता. मग म्हणाली, "मी बाई आहे म्हणून हलकी सांगताय ना?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणून मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी पलटणीत फारशी कुणाला सांगितलेली नाही.

१९८५ सालची गोष्ट. मी नवा लेफ्टनंट होतो. एका जवानाच्या गोळ्या सतत खाली उजवीकडे लागत होत्या. मी त्याला सगळ्यांदेखत झापलं, नको ते शब्द वापरले. आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे, बोलणं कमी. त्यांनी गुपचूप त्याच्या मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मध्ये एक ड्रिल राउंड, म्हणजे दारू नसलेलं काडतूस, घातलं. तीन गोळ्या सुटल्या. चौथ्या वेळी नुसतं 'टक' झालं, धक्का बसलाच नाही, तरी रायफलची नळी झपकन खाली गेली. पोराचं शरीर धक्क्याच्या आधीच धक्क्याला घाबरून आवळत होतं. सुभेदार साहेबांनी दुसरं मॅगझिन भरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, आता तुम्ही."

माझीही नळी खाली गेली. त्या पोराच्या समोर.

ती एसएलआर होती, ७.६२ मिलिमीटरची, साडेचार किलोच्या आसपास वजनाची. तिचा धक्का काही भयंकर नसतो. तरीही ही अवस्था. यात बाईपुरुषाचा संबंध नाही. आणि गंमत म्हणजे, ज्याला हे होतं त्याला ते कळत नाही, कारण एरवी खऱ्या धक्क्यात सगळं झाकून जातं.

आता थोडा हिशेब, कंटाळू नका. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातो, तेवढ्याच जोरानं रायफल मागे येते. रायफल जड असेल तर सावकाश येते, हलकी असेल तर फाडकन. साधारण वजनाच्या रायफलमध्ये ६.५ बाय ५५चा धक्का सतरा-अठरा ज्यूल भरतो, म्हणजे एक किलोचं वजन पावणेदोन मीटरवरून पडावं तेवढा. .३०० मॅग्नमचा याच्या जवळजवळ दुप्पट. हत्ती-रानरेड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडचा तिप्पट.

मग दुप्पट धक्का सोसून मूस दुप्पट मरतो का? ६.५ची गोळी बारीक पण लांब आणि वजनदार असते, म्हणून खोल शिरते. हे काडतूस १८९४चं, स्वीडन-नॉर्वेच्या सैन्यासाठी बनलेलं, आणि तेव्हापासून तिथले लोक त्यानं मूस मारत आलेत. स्वीडनचा नियमही बघा: दहा ग्रॅम किंवा त्याहून जड गोळी असेल तर शंभर मीटरवर तिच्यात दोन हजार ज्यूल ऊर्जा पुरते. ६.५ची १०.१ ग्रॅमची गोळी त्यात बसते.

इथं लोक नेहमी कारामोजो बेलचं उदाहरण देतात. त्यानं आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, बहुतेक ७ बाय ५७ सारख्या लहान कॅलिबरनं. आपल्या जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर भेट मिळालेली रिग्बी रायफलही त्याच काडतुसाची, .२७५ नावाची. पण बेलचा दाखला मला पटत नाही. त्याला हत्तीच्या कवटीची रचना तोंडपाठ होती. तुमच्या अंगावर रानरेडा येणार असेल, तर .३७५ लागते; आफ्रिकेतल्या कित्येक देशांत कायदाच तसा आहे. तिथं धक्का कमी करायचा तर रायफल जड घ्या आणि सराव वाढवा, कॅलिबर उतरवू नका. मूस सहसा अंगावर येत नाही. तो जखमी होऊन जंगलात निघून जातो, आणि रात्रभर कुठंतरी पडून राहतो. म्हणूनच तिथं मूसच्या शिकारीत माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत पोहोचेल अशी सोय ठेवावी लागते. दोष लहान गोळीचा नसतो बहुधा, पोटात लागलेल्या गोळीचा असतो.

पुतणीला म्हटलं, माझं ऐकू नकोस, मित्राची .३०० माग, रेंजवर जा, त्याला मॅगझिन भरू दे आणि न सांगता एक डमी घालू दे. मोबाइलवर शूटिंग कर. तिनं व्हिडिओ पाठवला. नळी चांगली वीतभर खाली गेली होती. डोळे मिटलेले.

मग जुनी ६.५ घेतली. दस्ता तिला लांब पडत होता, गाल नीट टेकत नव्हता. तो दोन सेंटिमीटर कापून मागे रबरी पॅड लावलं. हे दुकानात कुणी सांगत नाही, पण दस्ता मापाचा नसेल तर हलकी रायफलही गालफडात मारते. नळीवर सायलेन्सर बसवला, तिकडे तो सर्रास वापरतात. धक्का कमी होतो आणि कानही वाचतात. आवाजानंही माणूस दचकतो, हे विसरू नका. मझल ब्रेक मात्र मी नको म्हटलं, शेजारच्याचे कान जातात.

पहिल्या मोसमात तिनं एकही गोळी झाडली नाही, समोर फांद्या होत्या. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात फोन आला. साठ मीटर, एक गोळी, छातीत. मूस चाळीसेक पावलं चालला आणि खाली बसला.

मी विचारलं, "धक्का?"

"आठवत नाही हो काका. पाठ मात्र जाम दुखतेय. रस्त्यापर्यंत ओढून आणायला सहा जण लागलो."