रंजक, टोपी आणि नेम

(यवतमाळ येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



‘फुसका बार’ हा शब्द आपण सगळेच वापरतो, बहुधा पुढाऱ्यांच्या आश्वासनांबद्दल. (हशा) पण खरा बार फुसका का निघतो? दारू भरली, गोळी ठासली, चाप ओढला आणि नुसतं ‘टक्’ वाजलं. अशा वेळी अनेकदा दोष असतो तो सगळ्यात छोट्या वस्तूचा, टोपीचा. आता तिला प्रायमर म्हणतात.

टोपीच्या आधी रंजक होती. जुन्या बंदुकीला कान असे. त्यात बारीक दारू घालायची, ती रंजक. ठिणगी रंजकेवर पडायची आणि जाळ आत जायचा. पावसाचे चार थेंब पडले की रंजक भिजली आणि शिपाई हात चोळत बसला. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्रीबुवांना शिकारीचा नाद होता. त्यांची अडचण वेगळीच होती. रंजकेचा भपका दिसला की गोळी पोचण्याआधीच पक्षी भुर्रकन उडून जायचे. म्हणून त्यांनी आघाताने पेटणारं मिश्रण वापरलं आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच तांब्याची टोपी आली. आपल्याकडे रोही आणि रानडुकरांसाठी रात्र रात्र जागली करणाऱ्यांना ठासणीची बंदूक नवी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी तिचा वेगळा उल्लेख आहे.

मग काडतूस आलं आणि टोपी त्याच्या बुडात जाऊन बसली. १८६६ साली दोन माणसांनी तिच्या दोन तऱ्हा काढल्या. ठोका बसला की मिश्रण जिच्यावर चिरडून पेटतं, ती ऐरण इंग्रज बॉक्सर यांनी टोपीतच ठेवली आणि काडतुसाच्या पुंगळीला मधोमध एकच भोक दिलं. अमेरिकन बर्डन यांनी ऐरण पुंगळीत घडवली आणि तिच्या बाजूंना भोकं ठेवली. गंमत अशी, की इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. बॉक्सरच्या पुंगळीत वरून सुई घातली की जुनी टोपी सुटून पडते. त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचा छंद तिच्याच आधाराने अमेरिकेत फोफावला.

रायफलची टोपी दोन मापांत येते. मोठी ५.३३ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे जवळपास आपल्या तुरीच्या दाण्याएवढी. छोटी ४.४५ ची. माप पुंगळीच ठरवते, तिथे निवडीला वाव नाही. पिस्तुलाची टोपी रायफलला चालत नाही. तिची वाटी पातळ असते आणि रायफलचा दाब तिला सोसत नाही. ज्यांच्या बंदुकीत मारकसुई मोकळी असते, त्यांनी कठीण वाटीची टोपी घ्यावी. नाहीतर बोल्ट आपटताच बार उडू शकतो. टोपी बसते तीही पुंगळीच्या बुडाच्या किंचित आत. वर राहिली तर मारकसुईचा पहिला ठोका तिला आत ढकलण्यातच वाया जातो.

आता आतल्या दारूकडे या. बिनधुराची दारू बनते नायट्रोसेल्युलोजपासून आणि ते बनतं बहुधा कापसापासून. जिनिंगनंतर सरकीवर जी बारीक लव उरते ना, तीच! म्हणजे यवतमाळकरांनो, या विषयाशी तुमचं नातं बंदुकीच्या आधी बोंडाचं आहे. ही दारू काळ्या दारूसारखी चटकन पेटत नाही, म्हणून ठिणगी जोमदार लागते. पण हौशी नेमबाज इथेच फसतो. जोम चांगला, तर जास्त जोम अधिक चांगला, असं म्हणून तो मॅग्नम टोपी उचलतो. ती असते मोठ्या पुंगळीतल्या सावकाश पेटणाऱ्या दारूसाठी किंवा कडाक्याच्या थंडीसाठी. साध्या काडतुसात ती दाब वाढवू शकते. म्हणूनच टोपी बदलली की जाणकार दारू कमी करून पुन्हा पहिल्यापासून चाचणी घेतात. रविवारी कागदावर भोकं पाडणाऱ्याला महागडी स्पर्धेची टोपीही लागत नाही. साधी टोपी, एकाच घाण्यातली, पुरेशी.

आणि हे सगळं ऐकून घरी कोणी पुंगळ्या भरायला बसू नका. आपल्या कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही दारूगोळ्यातच मोडतात. परवान्याविना पुंगळ्या भरणं हा गुन्हा आहे.

मग आपल्याकडच्या नेमबाजाने यातून काय घ्यायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पॉइंट टू टूचं काडतूस वापरतात. त्याला वेगळी टोपीच नसते, मिश्रण बुडाच्या कडेत असतं, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. मोठे नेमबाज काय करतात? वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसं आपल्याच रायफलमधून झाडून बघतात आणि जो घाणा गोळ्या एका जागी पाडतो, त्याचीच खोकी घेऊन ठेवतात. सगळ्यात जोरदार कोणता, हे ते विचारत नाहीत.

५० मीटरवरच्या त्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तुरीचे दोन दाणे शेजारी ठेवा, जवळपास तेवढंच. तिथे पोचायला मोठी ठिणगी लागत नाही. साठाव्या बारालाही पहिल्याइतकीच पडणारी ठिणगी लागते.