चिमूरची न झालेली चौकशी

पूर्वींच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाहीच्या वायव्येस चिमूर हें गांव आहे. ता. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, स्वातंत्र्याच्या घोषणा देत निघालेल्या मिरवणुकीवर तेथें गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा तरुण बळी पडला आणि जमावाचा तोल सुटला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी व नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह चार सरकारी माणसें ठार झालीं. हें कृत्य निंद्यच होतें. त्याचा निवाडा न्यायासनानें करावयाचा होता.

परंतु न्यायासनाच्या आधीं, तीन दिवसांत, फौज आली. कर्ते पुरुष पकडले गेले किंवा परागंदा झाले. घरांत बायका, म्हातारीं आणि मुलें उरलीं. घरें लुटलीं गेलीं, आणि शिपायांनीं आमची अब्रू घेतली, असें गांवच्या स्त्रियांनीं स्वतः सांगितलें. डॉ. मुंजे यांनीं आणि रमाबाई तांबेप्रभृति भगिनींनीं चिमुरास जाऊन हीं गाऱ्हाणीं ऐकलीं. जी गोष्ट लेक आईपाशींहि बोलावयास धजत नाहीं, ती परक्यांपुढें बोलण्यास किती बळ लागलें असेल!

सरकारनें मात्र चौकशी नाकारली. तेव्हां सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी यांनीं चौकशीसाठीं प्राण पणास लावले. त्यांच्या उपोषणाच्या बातम्या छापण्यास वृत्तपत्रांना बंदी झाली. ता. १२ जानेवारी १९४३ रोजीं, त्रेसष्टाव्या दिवशीं, तडजोड होऊन उपोषण सुटलें. बातम्यांवरील बंदी उठली, पण शिपायांची चौकशी झाली नाहीं.

येथेंच खरा अन्याय दिसतो. जमावाच्या अपराधासाठीं खास न्यायालय बसलें, साक्षी झाल्या, फांशीच्या शिक्षा झाल्या. मोठ्या लोकप्रयत्नानंतर १९४५ सालीं अखेरच्या कैद्यांची फांशी टळली. गणवेशांतील अपराध्यांसाठीं मात्र एकहि न्यायाधीश बसला नाहीं. चौकशीनें आरोप खोटेहि ठरूं शकले असते. निर्दोष शिपायाचें नांव तरी स्वच्छ झालें असतें.

पुढें १९४९ च्या जिनीव्हा करारांनीं, देशांतर्गत सशस्त्र संघर्षांतहि, शस्त्र न धरणाऱ्यांवर जुलूम व त्यांची विटंबना करण्यास मनाई केली. परंतु करार स्वतः कोणाची जबानी घेत नाहीं. ती राज्यकर्त्यांना घ्यावी लागते. बंड मोडण्याचा अधिकार राज्यास आहे. तो वापरणाऱ्या हातांची झडती घेणें हेंहि त्याच राज्याचें कर्तव्य आहे, मग तें राज्य परक्यांचें असो वा आपलें.