दुसऱ्या कोकराचं काय?

आडबाजूच्या वाडीचं जगणं आणि तिथल्या पोरांचं पुढं काय, यावर बोला असं मला सांगितलंय. रस्ता, एसटी, शाळा, प्यायचं पाणी हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ग्रामसभेत त्यावर बोलणं होतंच. मी आज मेंढीवर बोलणार आहे. त्यातही मेंढीच्या दुसऱ्या कोकरावर. माझी सारी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि आता कुणी बोलायला बोलावलं की मला हेच सुचतं.

लोणंदच्या आसपास बघा. नीरेच्या उजव्या कालव्याखाली ऊस उभा आहे. कालवा ओलांडून सालप्याच्या घाटाच्या अंगाला वर सरकलात की कुसळाचं माळरान लागतं. पाणी काही उताराच्या उलटं चढत नाही. लोणंदला एमआयडीसी आली, फलटणपर्यंत रेल्वे गेली, कांद्याचा बाजार साऱ्या राज्याला माहीत झाला. पण माळावरच्या वाडीत कांदा कितीसा पिकणार? पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर तीही नाही. त्या घरातून वर्षाला हमखास बाजारात जातं ते कोकरू. पोरीची फी, म्हाताऱ्याचं औषध, घरावरचे पत्रे, सगळं कोकरावर. म्हणून वाडीचं पुढं काय, असं मला विचाराल तर मी आधी विचारीन की कोकरं किती जगली.

आपली मेंढी दख्खनी. तिचे जे चार प्रकार पुस्तकांत दिलेले असतात ते असे: लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी. आपल्या गावाचं नाव विद्यापीठातल्या पोरांना पाठ करावं लागतं आणि आपल्याच पोरांना ते माहीत नसतं! ही मेंढी काटक. दिवाळीनंतर कोकणात उतरायची, लोकांच्या शेतात बसायची, पावसाच्या तोंडाला परत यायची, मिळेल ते खायची. एकच उणं, ती बहुतेक वेळा एकच कोकरू देते.

हे उणं भरून काढायचं काम इथंच, आपल्या फलटणला झालं. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली संस्था काढली, निंबकर कृषी संशोधन संस्था. तिथं 1990 नंतरच्या दशकात बंगालच्या सुंदरबनातली गरोल मेंढी आणली. गरोल अंगानं एवढीशी, गुडघाभर चिखलात चरणारी, पण जुळी, कधी तिळी देणारी. तिच्यात एक जनुक आहे, त्यानं एका वेळी जास्त बीजं सुटतात. तो जनुक दख्खनी मेंढीत आणायचा आणि अंगानं मात्र ती दख्खनीच ठेवायची, असं पिढ्यान् पिढ्यांचं किचकट काम डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. तीच 'नारी सुवर्णा'. आणि गंमत ऐका, हाच जनुक शास्त्रज्ञांना इंडोनेशियात, जावा बेटावरच्या मेंढ्यांतही सापडला. तिकडच्या आडगावातही भूमिहीन माणसाच्या दारात मेंढ्या असतात. आपल्यासारखा मोठा कळप नाही, तीन-चार-पाच. बांबूच्या फटींची जमीन केलेला उंच गोठा, त्यात मेंढ्या बांधलेल्या, लेंडी फटींतून खाली पडते आणि भाताच्या खाचरात जाते. घरची माणसं बांधावरून गवत कापून आणतात आणि पुढ्यात टाकतात. मेंढी चालत नाही, वैरण चालत येते. तिथं जुळं कोकरू आलं तर त्याच्या आईला चाऱ्यासाठी कोसभर वणवण नसते. आपल्याकडं असते. हा फरक ध्यानात ठेवा, सगळं त्यातच आहे.

कारण आपल्याकडं होतं असं, की कुणीतरी हौसेनं जुळ्यांचा नर आणतो. त्याच्यापासून झालेल्या माद्या कळपात राहतात, त्यांतल्या काही व्याल्या की जुळी होतात. घरात आनंद. आणि महिन्याच्या आत दुसरं कोकरू मरतं. मग तोच माणूस चावडीवर सांगतो, जुळी आपल्याकडं टिकत नाहीत, आपली हवाच वेगळी. हवा नाही हो! पोट.

आता मला सांगा, लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तर तुम्ही काय करता? सातव्या महिन्यापासून तिच्या ताटाकडं आईचं लक्ष असतं. बाळंत झाली की डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, बाजरीची भाकरी तुपात कुस्करून. तिला विहिरीवर पाठवता का पाण्याला? उन्हात खुरपायला धाडता का? आणि डॉक्टरांनी जुळी आहेत म्हणून सांगितलं तर? मग तर शेजारच्या काकीसुद्धा वाटी घेऊन येतात. मग मेंढीचं काय? ती पाच महिने गाभण असते आणि पोटातलं कोकरू खरं वाढतं ते शेवटच्या दीड महिन्यात. नेमकं त्याच दीड महिन्यात आपण तिला कळपाबरोबर सगळ्यांत लांब पिटाळतो. पोटात दोन जीव, त्यामुळं चारा मावायला जागा कमी, आणि जो मावतो तो वाळलेलं कुसळ. अशी बाई बाळंत झाली तर तिला दूध कुठून येणार? आणि दोघांना पुरेल एवढं?

म्हणून सांगते, शेवटचा दीड महिना आणि व्याल्यावरचे दोन महिने रोज दोन-अडीचशे ग्रॅम भरडा द्या. मका, थोडी पेंड, चिमूटभर मीठ. एकदम नको, चार-आठ दिवसांत वाढवत न्या, नाहीतर पोट बिघडेल. बांधाला शेवरी लावा, हादगा लावा. कुणी म्हणेल, बाई, एवढा खर्च! साऱ्या कळपाला द्या असं मी म्हणतच नाही. गाभण मेंढ्या ओळखून बाजूला काढा, त्यांनाच द्या. बाजारात दुसरं कोकरू विकताना त्याचे पैसे वसूल होतात.

धनगरांच्या एका वाड्यावर मी एका आक्कांना बघितलं. तळ पडलेला, मेंढ्यांभोवती जाळीची वाघर लावायचं चाललेलं. त्यांनी शेळी दोन गुडघ्यांत धरली, काखेतलं काळं कोकरू तिच्या सडाला लावलं आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी बोटानं हलकं खाजवत राहिल्या, आई चाटते तसं. कोकरू शेपूट हलवायला लागलं तेव्हा म्हणाल्या, "आता लागलं." कळपात चार शेळ्या याचसाठी असतात, हे धनगराला कुणी शिकवावं लागत नाही. ती विद्या आहे आपल्याकडं. नव्या मेंढीला जुनी विद्या जोडायची, एवढंच म्हणते मी. आणि ही सगळी विद्या बायकांच्या हातात आहे. जुळ्यांच्या नराची माहिती द्यायला मात्र पुरुषांनाच बोलावतात. कोकरू सांभाळणारी वाड्यावर, आणि सभेला गेलेला तिचा दादला. तिलाही बोलवा!

पुन्हा सांगते, कारण काहीजणांनी आत्ताच रेडिओ लावला असेल: जुळं जन्मणं नराच्या हातात, जुळं जगणं तुमच्या हातात. चीक पहिल्या तासाभरात दोन्ही कोकरांना पाजा. दांडगं असतं ते पिऊन घेतं, दुसऱ्याला धरून लावावं लागतं. नाळेला आयोडीन लावा.

आता पोरांचं. बारावी झालेला पोरगा कंपनीत ठेक्यावर जातो, कारण मेंढक्याला मुलगी देत नाहीत. हे दुःख मी घराघरांत ऐकलंय. मुलीच्या बापाला मी दोष देत नाही. वर्षातले आठ महिने पालावर, पावसात, चोराचिलटाच्या भीतीत कोण लेक धाडेल? पण पंचवीस-तीस चांगल्या मेंढ्या, त्यांतल्या दहांनी जुळी द्यायची आणि ती जगायची, असं झालं तर मोठा कळप घेऊन कोकणापर्यंत जायची गरज उरत नाही. गावात राहून मेंढी पाळता येते, थोडी जावातल्यासारखी, बांधून, चारा कापून. 2017 पासून सरकारची महामेष योजना आहे, वीस मेंढ्या आणि एक नर, अनुदानावर. तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी करा. सरकारच्या मेंढी-शेळी महामंडळाचे मळे आपल्याकडंच आहेत, माणात दहिवडीला आणि सांगलीकडं रांजणीला. तिथं एकदा जाऊन या, पोराला बरोबर घेऊन जा.

लोकरीबद्दल बोलायचं होतं. कातरणीचे पैसे लोकरीतून निघत नाहीत आणि घोंगडी विणणारे सनगर हळूहळू... तो विषय मोठा आहे. चराईबंदीबद्दलही बोलायचं होतं, पण वेळ संपत आल्याची खूण झालीये.

मग दोन गोष्टी तेवढ्या. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी टोचून घ्या, पहिला पाऊस पडून कोवळं गवत आल्यावर धावपळ करू नका. आणि जुळ्यांचा नर विकत घेताना त्याची शिंगं, उंची बघून पैसे मोजू नका. तो जनुक डोळ्यांना दिसत नाही, रक्त तपासूनच कळतो. तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर नर कितीही देखणा असो, परत फिरा.