कोळशाची तहान



कोळशाची वीज म्हटली की पाण्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. पाण्याची वाफ करावयाची, वाफेने चक्र फिरवावयाचे, आणि ती वाफ निवविण्यास आणखी कितीतरी पाणी खर्चावयाचे! परळीच्या केंद्राला आपल्या सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्यातून गोदावरीचे पाणी जाते. २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत पाण्यावाचून ते बंद ठेवावे लागले. त्यातून कोळशाचा कर्बवायू हवा तापवितो आणि पाऊस लहरी करतो.

सौर पत्र्यांना पाणी लागते ते धुण्यापुरते. रात्री ते निरुपयोगी, हे आम्ही लपवीत नाही. पण शेतातील पंप दिवसाच चालला, तर अपरात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला कोण जाईल?