खात्रीचें महाविद्यालय

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा अमेरिकेंतील पुष्कळ घरांना फार कठीण जातो. नामांकित महाविद्यालयांचीं उत्तरें त्या सुमारास येतात, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या वर्षभराच्या आशेचा निकाल चार ओळींत लागतो. न्यू जर्सी राज्यांत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबानें हा आठवडा दोनदां पाहिला. एकदां थोरल्या मुलीच्या वेळीं आणि पुढें तीन वर्षांनीं धाकट्या मुलाच्या वेळीं. दोन्ही मुलें सारखींच हुशार, घरची मिळकतहि जवळजवळ तीच. परंतु ते दोन आठवडे मात्र अगदीं निराळे गेले. हा फरक कशामुळें पडला, हें समजून घेणें परदेशीं शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येक घरास उपयोगाचें आहे.

मुलीचें मन लहान महाविद्यालयांवर बसलें होतें, आणि त्यांत तिची चूक कांहींच नव्हती. १७९३ सालीं स्थापन झालेलें विल्यम्स, १८२१ चें ॲमहर्स्ट, १८६४ चें स्वार्थमोर, किंवा पश्चिम किनाऱ्यावरील पोमोना, हीं महाविद्यालयें विद्यार्थिसंख्येनें लहान, दीड-दोन हजारांच्या आसपासचीं आहेत. तेथें वर्ग लहान असतात, प्राध्यापक स्वतः शिकवितात आणि विद्यार्थ्याला नांवानें ओळखतात. असें शिक्षण कोणास नको आहे? परंतु या चारहि ठिकाणीं शंभर अर्जदारांपैकीं दहांनासुद्धां जागा मिळत नाहीं. नाकारलेल्यांत उत्कृष्ट गुणांचीं मुलें पुष्कळ असतात. म्हणून केवळ गुणांच्या बळावर अशा ठिकाणचा प्रवेश कोणीहि गृहीत धरूं नये.

मुलीनें आठ अर्ज धाडले. सहा अत्यंत कठीण महाविद्यालयांना, आणि दोन अशांना कीं जेथें निम्म्या अर्जदारांना प्रवेश मिळतो. या दोहोंना घरांतील मंडळी ‘खात्रीचीं’ म्हणत. मार्चअखेर पांच नकार आले, दोन ठिकाणीं प्रतीक्षायादींत नांव लागलें, आणि ‘खात्रीच्या’ दोहोंपैकीं एकानें प्रवेश दिला. घरांत पेढे वांटले गेले. दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं पैशांचें पत्र वाचलें. सर्व साहाय्य वजा जातां वर्षाला ४१,००० डॉलर भरावयाचे होते, आणि घराला झेपत होते २५,०००. दरसालची तूट १६,०००. चार वर्षांची ६४,०००. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नांवावर सरकारी कर्ज चार वर्षांत साधारणतः २७,००० डॉलरपर्यंतच मिळतें. म्हणजे उरलेले ३७,००० आईबापांनीं आपल्या नांवावर काढावयाचे, आणि घरांत दुसरें मूल शिकावयाचें होतेंच. आईनें मुलीला जवळ बसवून तो हिशेब कागदावर मांडून दाखविला. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तो कागद घेऊन ती आपल्या खोलींत गेली.

या प्रसंगांत चूक मार्च महिन्यांत झालेली नव्हती. ती आदल्या शरद ऋतूंतच झाली होती. ‘खात्रीचें महाविद्यालय’ म्हणजे काय, याचा विचार कोणी केला नव्हता. सोपें तें खात्रीचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक तेथें तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पहिली, प्रवेश जवळजवळ निश्चित असावा. दुसरी, खर्च झेपेल हेंहि अर्ज करतांनाच निश्चित असावें. तिसरी, मुलाला तेथें जावयाचें झाल्यास तें आनंदानें जाईल असें तें असावें. यांपैकीं एक जरी नसली, तरी यादींत तें नांव असून नसल्यासारखेंच. त्यांतल्या त्यांत दुसरी कसोटी सर्वांत अधिक विसरली जाते.

त्यासाठीं पैशांची पद्धति समजली पाहिजे. २०२४-२५ या वर्षीं नामांकित लहान महाविद्यालयांपैकीं कित्येकांचा छापील वार्षिक खर्च, राहण्याजेवण्यासह, नव्वद हजार डॉलरच्या आसपास गेला होता. परंतु ही छापील किंमत सर्वांना द्यावी लागत नाहीं. साहाय्य दोन प्रकारचें असतें. एक घरची गरज पाहून दिलेलें, दुसरें विद्यार्थ्याची गुणवत्ता पाहून दिलेलें. विल्यम्स व ॲमहर्स्ट यांसारखीं श्रीमंत महाविद्यालयें गुणवत्तेसाठीं म्हणून पैसे देत नाहींत. तीं केवळ गरज पाहतात, परंतु ती पूर्णपणें भागवितात. विल्यम्सनें तर २०२२ पासून आपल्या साहाय्यांतून कर्जाचा भागच काढून टाकला. त्यामुळें बेताच्या मिळकतीच्या घराला तेथील शिक्षण कमी नांवाच्या महाविद्यालयापेक्षां स्वस्त पडूं शकतें. मात्र तेथें प्रवेशाचा भरंवसा नाहीं, म्हणून तें स्वस्त असलें तरी खात्रीचें नव्हे. उलट ज्या मध्यम महाविद्यालयांत प्रवेश सुलभ, तेथें गरज पुरती भागविली जाईलच असें नाहीं. मुलीच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें.

हा अंदाज अगोदर काढण्याचें साधन उपलब्ध आहे. सरकारी साहाय्याच्या योजनेंत असलेल्या महाविद्यालयांनीं आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचें गणकयंत्र ठेवलें पाहिजे, असा दंडक २००८ च्या कायद्यानें घातला व तो २०११ पासून अंमलांत आला. घरची मिळकत व शिल्लक भरली कीं वर्षाचा अंदाजी खर्च समोर येतो. घरचा स्वतंत्र धंदा असल्यास किंवा आईबाप विभक्त असल्यास हा अंदाज चुकण्याचा संभव असतो. अशा वेळीं महाविद्यालयाच्या साहाय्य-कचेरीस पत्र लिहून विचारावें. आणखी एक सावधगिरी. साहाय्याच्या पत्रांत देणगी आणि कर्ज एकाच यादींत लिहिलेलीं असूं शकतात. कर्ज हें साहाय्य नव्हे. तें वजा करूनच बेरीज करावी.

खात्रीचीं ठिकाणें शोधावयाचीं कोठें? प्रथम आपल्याच राज्यांत. राज्याच्या विद्यापीठांत रहिवाशांना फी कमी असते, आणि त्यांच्यांतहि लहान महाविद्यालयाची धाटणी जपणाऱ्या संस्था आहेत. मिसूरींतील ट्रूमन स्टेट, न्यूयॉर्क राज्यांतील जेनेसिओ, मिनेसोटा विद्यापीठाची मॉरिस येथील शाखा, मेरीलँडमधील सेंट मेरीज हीं त्यांचीं उदाहरणें होत. पश्चिमेकडील राज्यांमध्यें आपसांत असा करार आहे कीं, त्यांत सामील असलेल्या संस्थांत शेजारच्या राज्याच्या विद्यार्थ्यास स्थानिक फीच्या दीडपटीहून अधिक फी पडूं नये. याशिवाय कित्येक खासगी लहान महाविद्यालयें गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या देतात. त्यांपैकीं कांहीं ठिकाणीं किती गुणांना किती रक्कम हें आधींच जाहीर असतें. जेथें आंकडा जाहीर आहे तेथेंच खात्री. ‘मिळण्याचा संभव आहे’ हे शब्द खात्रीच्या यादींत बसत नाहींत.

संस्थेची प्रकृतिहि तपासावी. व्हरमाँटमधील ग्रीन माउंटन हें महाविद्यालय २०१९ सालीं व मार्लबरो २०२० सालीं बंद झालें; न्यूयॉर्क राज्यांतील वेल्स २०२४ सालीं बंद झालें. तेथील विद्यार्थ्यांना अर्ध्या वाटेवर दुसरें दार शोधावें लागलें. शिष्यवृत्ति किती वर्षांची व कोणत्या अटींवर पुढें चालू राहते, हेंहि लेखी विचारून घ्यावें. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व तेथून १९१६ मध्यें लंडनला. परंतु मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. १९२० मध्यें पुन्हां जाऊन त्यांनीं तो पुरा केला. तेवढी जिद्द सर्वांच्या अंगीं असेलच असें नाहीं. म्हणून मुदतीचा प्रश्न आधींच विचारलेला बरा.

पुण्यामुंबईहून अर्ज करणाऱ्या मुलांची स्थिति याहून बिकट आहे. अमेरिकन सरकारचें साहाय्य त्यांना मिळत नाहीं. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहतां प्रवेश देणारीं ॲमहर्स्ट व बोडन यांसारखीं लहान महाविद्यालयें फारच थोडीं. इतरत्र पैसे मागणाऱ्याचा प्रवेश अधिक कठीण होतो. शिवाय व्हिसाच्या कागदासाठीं निदान पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावा लागतो. अशा मुलांचें खात्रीचें महाविद्यालय बहुधा स्वदेशींच असतें, आणि त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. परंतु येथील प्रवेशपरीक्षांचे अर्ज त्याच वर्षीं भरावे लागतात. अमेरिकेंतून नकार आल्यावर त्यांची चौकशी करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

त्या मुलीनें १ मेपूर्वीं तो महागडा प्रवेश नाकारला. राज्याच्या महाविद्यालयांतील शिष्यवृत्त्यांच्या मुदती केव्हांच उलटून गेल्या होत्या. तिनें जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत नांव घातलें. तेथील पदवीचें श्रेय राज्याच्या सार्वजनिक महाविद्यालयांनीं मान्य करावें, असा कायदा न्यू जर्सींत २००७ सालीं झालेला असल्यामुळें तिचीं वर्षें फुकट गेलीं नाहींत. पुढें राज्याच्या विद्यापीठांत ती चांगल्या रीतीनें पदवीधर झाली. परंतु त्या एप्रिल महिन्यांतील तिचें गप्प राहणें घरांतील कोणीहि विसरलें नाहीं.

धाकट्याच्या वेळीं यादी लिहावयास तीच बसली. “वरून नको, खालून लिही,” ती म्हणाली. “आधीं अशीं दोन नांवें लिही कीं जेथें नक्की घेतील, आईबाबांना झेपेल, आणि जेथें तूं चार वर्षें सुखानें राहशील. तीं पाहून ये, मग वरचीं हवीं तितकीं लिही.” तिनें आईवडिलांनाहि बसविलें आणि वर्षाला किती देतां येतील तो आंकडा भावाच्या देखत सांगावयास लाविलें. वडिलांना संकोच वाटला. मुलापुढें आपली मर्यादा उघड करणें कोणत्याहि बापास जड जातें. परंतु मागल्या खेपेस हा संकोचच महाग पडला होता.

मुलानें न्यू जर्सीचें एक लहान सार्वजनिक महाविद्यालय प्रत्यक्ष पाहिलें, एका वर्गांत बसला, आणि अर्ज सर्वांत आधीं तेथें धाडला. डिसेंबरांत होकार आला, शिष्यवृत्तीच्या आंकड्यासह. मार्चमध्यें वरच्या चार ठिकाणांहून तीन नकार आले आणि एक होकार, परंतु तो पुन्हां न झेपणाऱ्या किमतीचा. त्यानें हिशेब स्वतःच केला, नकाराचें पत्र स्वतःच लिहिलें, आणि जेवावयाची वेळ झाली म्हणून ताटें मांडूं लागला. बहीण मात्र क्षणभर दारांत उभी राहून त्याच्याकडे पाहत होती.