पिकलेले राखावे

बेंगळुरूच्या जयनगरात काय किंवा अन्यत्र काय, अखंड तांदळाला अधिक दाम मिळतो, कणीला कमी. हा तोटा अखेर शेतकऱ्याच्याच माथी येतो. कापणीच्या वेळी भातात २० ते २४ टक्के ओलावा असतो. साठवणीपूर्वी तो १४ टक्क्यांवर आणावा लागतो. कडक उन्हात घाईने वाळवलेल्या दाण्याला चिरा पडतात आणि भरडताना त्याची कणी होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने गरम पाण्यात काही तासच भिजवून भात उकडण्याची पद्धत विकसित केली. उकडलेला दाणा कणखर होतो, कमी तुटतो. परंतु ही सोय गिरणीत आहे. गरिबाच्या खळ्यावर नाही. वाळवणीला जागा व कोरडी कणगी नसलेला शेतकरी ओले भात पडत्या भावाने विकतो. सुधारित बियाण्याइतकेच पिकलेले राखण्याचे साधन त्याच्या दारी पोचणे अगत्याचे आहे.