कोळंबीचे बीज आणि आईचे कूळ



शेततळ्यात जंबो कोळंबी सोडणारे नेहमी विचारतात, खाद्य वेळेवर घातलं, पाणी सांभाळलं, तरी निम्मी कोळंबी बोटभरच कशी राहिली? निळ्या नांग्यांचे दांडगे नर लहान नरांना दाबतात, हे एक कारण. दुसरे कारण बीजात असू शकते. आज त्याचंच बोलू.

ही कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, पण पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागते. मलेशियात शाओ-वेन लिंग यांनी १९६० च्या दशकात हे दाखवले, तेव्हा कुठे बीज तयार करता येऊ लागले. तुमच्या तळ्यात ते होणार नाही, केंद्रातूनच आणावे लागते. आणि केंद्राने पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरच्या नर-माद्या वापरल्या, तर जवळच्या नात्यात जुळणी होऊन बीज कमजोर होते.

मग ओळखायचे कसे? प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे, ऊर्जा तयार करणारे कण असतात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो आईकडून येतो. आईच्या घराण्याचा सातबाराच म्हणा ना! जंबो कोळंबीचा हा उतारा २००५ साली पूर्ण वाचून प्रसिद्ध झाला. गोल कड्यासारखी साखळी, त्यात १५,७७२ अक्षरे आणि ३७ जनुके. यंत्र त्याचे लहान लहान तुकडे वाचते आणि सारख्या जुळणाऱ्या टोकांवरून ते सलग जोडतात.

जंबो आणि गोदावरी कोळंबीची पिल्ले लहानपणी दिसायला सारखीच. हे वाचन त्यांचा निवाडा करते. केंद्रातल्या माद्या किती घराण्यांच्या, तेही कळते. पण वाढ किती होईल, हे त्यात लिहिलेले नसते. बापाचे कूळ कळत नाही. पांढऱ्या शेपटीच्या रोगाची तपासणी तर वेगळीच असते. तेव्हा ‘डीएनए तपासलेले बीज’ म्हणून कोणी जादा भाव मागितला, तर नेमके काय तपासले ते विचारा. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न मोलाचा : अंड्यांवरच्या माद्या कुठून आणल्या, नदीतून की विकायच्या तळ्यातून?

प्रयोगशाळेने नमुना मागितला, तर पोटाखालचा पोहण्याचा एक पाय कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा. फॉर्मेलीन वापरू नका, त्याने डीएनए खराब होतो. तळे आणि तारीख पेन्सिलीने कागदावर लिहून चिठ्ठी बाटलीतच टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.